व्हिडिओ गेम कन्सोलचे कुलूप आणि ग्राहकाची मालकी : हॅकिंग, पायरसी व कायदा यांचा एक अभ्यास

प्रस्तावना :

मनोरंजनाच्या क्षेत्रात गेल्या अर्धशतकात जी नवी माध्यमे उदयास आली, त्यांत व्हिडिओ गेमचे स्थान महत्त्वाचे आहे. १९९० च्या दशकात महाराष्ट्रातील शहरांतून आणि तालुक्याच्या गावांतूनही टीव्हीला जोडावयाचा गेम अनेक घरांत येऊन पोहोचला होता. त्याच्यासोबत मिळणाऱ्या कॅसेटवर ‘९९९९ इन वन’ असे छापलेले असे. प्रत्यक्षात मोजकेच खेळ क्रमांक बदलून पुन्हा पुन्हा समोर येत. ही यंत्रे बहुतांशी निन्टेंडो या जपानी कंपनीच्या ‘फॅमिकॉम’ या कन्सोलच्या विनापरवाना नकला होत्या. म्हणजेच येथील एका पिढीची या माध्यमाशी पहिली ओळख नकलेतूनच झाली. तेव्हा कन्सोल हॅकिंग आणि पायरसी हा केवळ पाश्चात्त्य न्यायालयांपुरता मर्यादित विषय आहे, असे मानण्याचे कारण नाही.

या विषयाच्या मुळाशी एक साधा प्रश्न आहे. ग्राहक दुकानातून कन्सोल विकत घेतो तेव्हा त्या यंत्राची मालकी त्याच्याकडे येते. त्यावर चालणाऱ्या खेळाचा कॉपीराइट मात्र निर्मात्याकडेच राहतो. हे दोन अधिकार ज्या ठिकाणी समोरासमोर येतात ते ठिकाण म्हणजे कंपनीने यंत्रात बसविलेले तांत्रिक कुलूप होय. हे कुलूप ग्राहकाने उघडले तर तो चोरी करतो, की स्वतःच्या वस्तूचा उपयोग करतो? निरनिराळ्या देशांच्या कायद्यांनी या प्रश्नाची निरनिराळी उत्तरे दिलेली आहेत.

अभ्यासाची उद्दिष्टे :

१) कन्सोलमधील तांत्रिक कुलपाचे स्वरूप व हेतू समजून घेणे.
२) ऑस्ट्रेलिया, अमेरिका व युरोप येथील महत्त्वाच्या खटल्यांतून दिसणारी कायद्याची भूमिका तपासणे.
३) भारतीय कॉपीराइट कायद्यातील कलम ६५अ चा या संदर्भात अर्थ लावणे.
४) खेळांच्या जतनाचा प्रश्न ग्रंथालये व महाविद्यालये यांच्या दृष्टीने मांडणे.

अभ्यासपद्धती :

प्रस्तुत लेखासाठी वर्णनात्मक व तुलनात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. न्यायनिर्णय, कायद्यातील तरतुदी आणि तांत्रिक माहिती यांचा आधार घेतलेला आहे.

संकल्पनांचे स्पष्टीकरण :

सामान्य बोलण्यात हॅकिंग आणि पायरसी हे शब्द एकाच अर्थाने वापरले जातात. अभ्यासाच्या दृष्टीने मात्र त्यांत फरक करणे आवश्यक आहे. पायरसी म्हणजे हक्कधारकाच्या परवानगीवाचून खेळाच्या प्रती करणे, विकणे अथवा वाटणे. कन्सोल हॅकिंग म्हणजे यंत्राने घातलेली बंधने दूर करून ते निर्मात्याला अभिप्रेत नसलेल्या पद्धतीने चालविणे. हॅकिंगशिवाय पायरसी होऊ शकते, हे वर उल्लेखिलेल्या कॅसेटांवरून दिसते. त्याचप्रमाणे पायरसीचा हेतू नसतानाही हॅकिंग होऊ शकते. परदेशात विकत घेतलेला अस्सल खेळ चालविणे, स्वतः लिहिलेला प्रोग्राम चालविणे, बिघडलेला भाग बदलणे ही त्याची उदाहरणे होत. अडचण अशी की, या सर्व कामांसाठी उघडावे लागणारे कुलूप बहुधा एकच असते.

१. कुलपाचा उगम :

निन्टेंडोचा फॅमिकॉम १९८३ मध्ये जपानमध्ये विक्रीस आला तेव्हा त्यात असे कुलूप नव्हते. त्याच वर्षी अमेरिकेतील व्हिडिओ गेमचा बाजार कोसळला. निकृष्ट खेळांचा सुळसुळाट हे त्याचे एक कारण मानले जाते. १९८५ मध्ये हेच यंत्र नव्या रूपात अमेरिकेत आणताना निन्टेंडोने त्यात ‘१० एनईएस’ नावाचा प्रोग्राम असलेली चिप बसविली. एक चिप यंत्रात आणि तिची जोडीदार प्रत्येक कॅसेटमध्ये असे. दोन्ही चिपांचे संकेत जुळले नाहीत, तर यंत्र पुन्हा पुन्हा सुरुवातीच्या स्थितीत जाई आणि खेळ चालत नसे.

या कुलपाचा हेतू केवळ नकला रोखणे हा नव्हता. कोणत्या कंपनीने खेळ काढावेत, वर्षाला किती काढावेत आणि कॅसेट कोणाकडून बनवून घ्याव्यात, हे ठरविण्याची सत्ता निन्टेंडोला त्यातून मिळाली. कुलपाचे हे दुहेरी स्वरूप आरंभापासूनचे आहे. भारतात आलेल्या नकला कुलूप नसलेल्या फॅमिकॉमच्या होत्या, म्हणूनच त्यांत कोणतीही कॅसेट चालत असे.

या सत्तेला लवकरच आव्हान मिळाले. १९९२ मध्ये अमेरिकेत दोन महत्त्वाचे निर्णय झाले. अटारी गेम्स या कंपनीने १० एनईएसचा मजकूर कॉपीराइट कार्यालयातून खोटे कारण सांगून मिळविला होता. त्यामुळे तिला न्यायालयात यश आले नाही. दुसऱ्या खटल्यात ॲकोलेड या कंपनीने सेगाच्या कन्सोलवर आपले खेळ चालावेत म्हणून सेगाच्या प्रोग्रामची उकल केली होती. सुसंगतता साधण्याचा दुसरा मार्ग उपलब्ध नसेल, तर अभ्यासासाठी केलेली अशी उकल हा रास्त वापर ठरतो, असे न्यायालयाने मानले. कुलपाचा अभ्यास हा स्वतः गुन्हा नाही आणि तो कोणत्या मार्गाने केला यावर निकाल अवलंबून राहतो, हे या दोन निर्णयांवरून स्पष्ट झाले.

२. तबकडीचे युग आणि मॉडचिप :

सोनी कंपनीचा प्लेस्टेशन डिसेंबर १९९४ मध्ये जपानमध्ये आला. त्याचे खेळ सीडीवर येत. पुढे सीडी लिहिणारी यंत्रे स्वस्त होत गेली आणि घरबसल्या प्रत काढणे शक्य झाले. यावर उपाय म्हणून सोनीने अस्सल तबकडीच्या आरंभीच्या भागात एक संकेत कोरलेला होता. घरगुती यंत्राने काढलेल्या प्रतीत हा संकेत उतरत नसे. कन्सोल सुरू होताच तो प्रथम हा संकेत शोधत असे आणि तो न आढळल्यास खेळ चालवीत नसे.

याच संकेतात तबकडी कोणत्या प्रदेशासाठी आहे याचीही नोंद होती. त्यामुळे जपानमध्ये किंवा अमेरिकेत रीतसर पैसे देऊन घेतलेली तबकडी ऑस्ट्रेलियात विकलेल्या यंत्रावर चालत नसे. मॉडचिप ही यंत्राच्या आत डाग देऊन जोडली जाणारी छोटी चिप होती. तबकडीवर हवा तो संकेत असल्याचा आभास ती यंत्राला करून देई. परिणामी नकली प्रतही चाले आणि परदेशातील अस्सल तबकडीही चाले.

३. स्टीव्हन्स खटला :

कुलपाच्या या दोन कामांचा सर्वांत स्पष्ट विचार ऑस्ट्रेलियात झाला. सिडनी येथे मॉडचिप विकणाऱ्या व बसवून देणाऱ्या स्टीव्हन्स नावाच्या व्यक्तीविरुद्ध सोनीने दावा दाखल केला. ऑस्ट्रेलियाच्या १९६८ च्या कॉपीराइट कायद्यात २००० सालच्या दुरुस्तीने कलम ११६अ घालण्यात आले होते. ‘तांत्रिक संरक्षण उपाय’ निकामी करणारी साधने विकण्यास त्यात मनाई होती. मात्र असा उपाय म्हणजे कॉपीराइटचा भंग रोखणारा किंवा त्यास अटकाव करणारा उपाय, अशी त्याची व्याख्या होती. सोनीचे कुलूप या व्याख्येत बसते काय, हा खटल्याचा गाभा ठरला.

२००२ मध्ये पहिल्या न्यायालयाने सोनीच्या विरुद्ध मत दिले. यंत्र संकेत तपासते त्या वेळी बेकायदा प्रत आधीच तयार झालेली असते. कुलूप प्रत काढणे रोखत नाही, तयार प्रत चालविणे तेवढे रोखते, असा या निर्णयाचा आशय होता. ग्राहकहित व स्पर्धा पाहणारा तेथील सरकारी आयोगही या टप्प्यावर न्यायालयाला साहाय्य करण्यासाठी उपस्थित झाला होता. २००३ मध्ये अपिलात हा निर्णय फिरला. नकली प्रत चालणारच नसेल, तर ती काढण्याची इच्छाही उरत नाही आणि हाही एक अटकावच होय, असे अपील न्यायालयाने मानले.

अखेरीस ६ ऑक्टोबर २००५ रोजी ऑस्ट्रेलियाच्या हायकोर्टाने, जे त्या देशाचे सर्वोच्च न्यायालय आहे, एकमताने स्टीव्हन्सच्या बाजूने निकाल दिला. खेळ चालताना त्याचा लहानसा अंश यंत्राच्या तात्पुरत्या स्मृतीत येतो, तीही प्रतच होय, हा सोनीचा युक्तिवाद न्यायालयाने स्वीकारला नाही. दंडात्मक परिणाम असलेल्या तरतुदीचा अर्थ ओढूनताणून विस्तारू नये, असा न्यायालयाचा कल दिसतो. प्रादेशिक बंधनामुळे अस्सल तबकडी आणि यंत्र या दोन्हींच्या मालकाचा सामान्य अधिकार आक्रसतो, याचीही दखल घेतली गेली.

मात्र प्रश्न येथेच संपला नाही. ऑस्ट्रेलिया व अमेरिका यांच्यातील मुक्त व्यापार करारामुळे कायदा बदलणे भाग होते. २००६ च्या दुरुस्तीने केवळ प्रवेश रोखणाऱ्या कुलपालाही संरक्षण मिळाले. तथापि चित्रपट व संगणकीय खेळ यांच्या बाबतीत, परदेशात घेतलेली अस्सल प्रत देशात चालू न देणारे प्रादेशिक बंधन या संरक्षणातून वगळण्यात आले. एकाच कुलपाच्या दोन कामांची कायद्याने अशी फोड केली : नकला रोखणे संरक्षणास पात्र, बाजारपेठेची भौगोलिक विभागणी अपात्र.

४. अमेरिका : प्रवेशालाच प्राधान्य :

अमेरिकेने १९९८ च्या डिजिटल मिलेनियम कॉपीराइट कायद्यात वेगळा मार्ग स्वीकारला. तेथे कलम १२०१ नुसार, काही अपवाद वगळता, कृतीचा प्रवेश नियंत्रित करणारे कुलूप उघडणे हेच मुळात निषिद्ध आहे. पुढे प्रत काढली की नाही, हा दुय्यम प्रश्न ठरतो. या भूमिकेचा परिणाम प्लेस्टेशन ३ च्या प्रकरणात पाहावयास मिळाला.

२००६ मध्ये बाजारात आलेल्या या यंत्रावर लिनक्ससारखी दुसरी कार्यप्रणाली बसविण्याची सोय सोनीनेच दिली होती. यंत्राची गणनक्षमता मोठी व किंमत तुलनेने कमी असल्याने संशोधकही तिकडे वळले. अमेरिकी हवाई दलाच्या संशोधन प्रयोगशाळेने सतराशेहून अधिक प्लेस्टेशन ३ जोडून महासंगणक उभारला, तो २०१० मध्ये कार्यान्वित झाला. त्याच वर्षी १ एप्रिल रोजी सोनीने सुरक्षेचे कारण देऊन ही सोय काढून टाकणारी प्रणाली-सुधारणा प्रसृत केली. ती न स्वीकारणाऱ्यास सोनीच्या ऑनलाइन सेवेला मुकावे लागे आणि स्वीकारणाऱ्यास लिनक्सला. म्हणजे विक्रीच्या वेळी वस्तूत असलेला गुण विक्रीनंतर विक्रेत्याने काढून घेतला. याविरुद्ध ग्राहकांनी केलेला सामूहिक दावा पुढे तडजोडीने मिटला.

डिसेंबर २०१० मध्ये बर्लिन येथील एका संगणक परिषदेत काही अभ्यासकांनी या यंत्राच्या सुरक्षेतील दोष उघड केला. प्लेस्टेशन ३ केवळ सोनीची गणिती स्वाक्षरी असलेले प्रोग्राम चालवीत असे. अशा प्रत्येक स्वाक्षरीसाठी दरवेळी नवी यादृच्छिक संख्या घेणे अनिवार्य असते. सोनीने मात्र प्रत्येक वेळी एकच संख्या वापरली होती. त्यामुळे दोन स्वाक्षऱ्यांवरून दोन समीकरणे मांडता येत, त्यांत अज्ञात राशी दोनच राहत आणि ती सोडविली की सोनीची गुप्त किल्ली हाती येई. माध्यमिक शाळेतील बीजगणिताच्या तत्त्वावर अब्जावधींच्या व्यवसायाचे कुलूप उघडावे, ही घटना गणित व संगणकशास्त्राच्या अध्यापकांनी वर्गात सांगावी अशीच आहे.

यानंतर जॉर्ज हॉट्झ या तरुण अमेरिकी प्रोग्रामरने यंत्राची एक मूळ किल्ली प्रसिद्ध केली. जानेवारी २०११ मध्ये सोनीने त्याच्यावर दावा केला आणि एप्रिलमध्ये तडजोड जाहीर झाली. हॉट्झने कायमचा मनाई हुकूम मान्य केला. स्वतः विकत घेतलेल्या यंत्राची किल्ली जाहीर करणे कितपत बेकायदा आहे, या प्रश्नावर निर्णय झालाच नाही. मोठ्या कंपनीविरुद्ध व्यक्तीने दीर्घकाळ लढणे अवघड असते. म्हणूनच अशा अनेक प्रकरणांत कायद्याचा अर्थ न्यायालयाऐवजी तडजोडीच्या कागदावर ठरतो, हे लक्षात घ्यावयास हवे.

५. नाण्याची दुसरी बाजू :

उपरोक्त विवेचनावरून हक्कधारकांची तक्रार निराधार आहे असा समज होऊ नये. एक मोठा खेळ तयार करण्यास शेकडो व्यक्तींची अनेक वर्षे खर्ची पडतात. निन्टेंडोच्या स्विच या कन्सोलची कुलपे उघडणारी साधने विकणाऱ्या ‘टीम एक्झिक्यूटर’ या गटातील एका सदस्यास २०२२ मध्ये अमेरिकी न्यायालयाने ४० महिन्यांच्या कारावासाची शिक्षा दिली. फौजदारी व दिवाणी प्रकरणे मिळून त्याच्यावर १ कोटी ४५ लाख डॉलरचे दायित्व आले. ‘युझू’ हा स्विचचे खेळ संगणकावर चालविणारा प्रोग्राम होता. त्याच्या निर्मात्यांनी मार्च २०२४ मध्ये २४ लाख डॉलर देण्याचे मान्य करून काम थांबविले. २०२३ मध्ये एक खेळ विक्रीस येण्यापूर्वीच दहा लाखांहून अधिक वेळा बेकायदा उतरवून घेतला गेला, असे निन्टेंडोने या दाव्यात म्हटले होते. हॅकिंगच्या आडून होणारी पायरसी हे वास्तव आहे. प्रश्न आहे तो उपायाच्या प्रमाणाचा.

या प्रमाणाचा विचार युरोपीय संघाच्या न्यायालयाने केला. इटलीतील पीसी बॉक्स या कंपनीविरुद्ध निन्टेंडोने केलेल्या दाव्यात २३ जानेवारी २०१४ रोजी निर्णय झाला. कन्सोलमधील कुलपालाही संरक्षण मिळू शकते, पण ते प्रमाणशीर असावे, असे न्यायालयाने सांगितले. कायदेशीर वापराला कमी बाधा आणणारा दुसरा उपाय उपलब्ध होता काय आणि कुलूप उघडणारे साधन प्रत्यक्षात कशासाठी वापरले जाते, हे राष्ट्रीय न्यायालयांनी तपासावे, असा दंडक त्यातून मिळाला.

६. भारतीय कायद्याची भूमिका :

भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगणक प्रोग्रामचा समावेश साहित्यकृतीत होतो. प्रोग्रामची बेकायदा प्रत जाणीवपूर्वक वापरणाऱ्यास कलम ६३ब नुसार किमान सात दिवस ते कमाल तीन वर्षे कारावास आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो. वापर आर्थिक लाभासाठी अथवा व्यवसायात नसेल, तर न्यायालय कारावास टाळू शकते. दुसऱ्या बाजूस, कायदेशीर प्रत बाळगणाऱ्यास हानीपासून तात्पुरते संरक्षण म्हणून राखीव प्रत काढण्याची, तसेच सुसंगततेसाठी आवश्यक माहिती मिळविण्याची मुभा कलम ५२ देते.

२०१२ च्या दुरुस्तीने आलेले कलम ६५अ या विषयाच्या दृष्टीने कळीचे आहे. कायद्याने दिलेल्या हक्कांच्या रक्षणासाठी योजलेला परिणामकारक तांत्रिक उपाय, त्या हक्कांचा भंग करण्याच्या हेतूने निकामी करणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कारावास व दंड अशी ही तरतूद आहे. ‘भंगाचा हेतू’ ही अट येथे निर्णायक आहे. अमेरिकेत कुलूप उघडणे हाच दोष ठरतो, भारतात ते कशासाठी उघडले हे पाहावे लागते. सांकेतिकीकरणाचे संशोधन, यंत्राच्या मालकाच्या परवानगीने केलेली सुरक्षा चाचणी आणि कायद्याने स्पष्टपणे मनाई न केलेले कोणतेही प्रयोजन यांना सूट आहे. कुलूप उघडणारी साधने बनविण्यावर वा विकण्यावर या कलमात स्वतंत्र बंदी नाही. जागतिक बौद्धिक संपदा संघटनेच्या १९९६ च्या कॉपीराइट करारात भारत २०१८ मध्ये सामील झाला, परंतु ही तरतूद त्याआधी सहा वर्षे करून ठेवलेली होती.

तथापि दोन बाबींकडे लक्ष वेधणे आवश्यक आहे. पहिली बाब अशी की, मनाई नसलेल्या प्रयोजनासाठी दुसऱ्याला कुलूप उघडून देणाऱ्याने त्या व्यक्तीचे नाव, पत्ता, ओळखीचा तपशील आणि प्रयोजन यांची पूर्ण नोंद ठेवली पाहिजे, अशी अट कायद्यात आहे. परदेशातून आणलेली अस्सल तबकडी चालावी म्हणून ग्राहकाचे यंत्र दुरुस्त करून देणारा छोटा दुकानदार अशी नोंदवही ठेवीत नसेल, तर तो स्वतःचा बचाव गमावून बसतो. दुसरी बाब म्हणजे कॉपीराइटचा भंग व त्यास अपप्रेरणा यांसाठी असलेल्या कलम ६३ खालील गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केले. म्हणजे हेतू सिद्ध होण्यापूर्वीच अटकेची वेळ येऊ शकते. हेतूवर आधारलेल्या उदार तरतुदीचा लाभ प्रत्यक्षात कितपत मिळतो, हे तपास यंत्रणेच्या समजेवर अवलंबून राहते.

७. जतनाचा प्रश्न :

या चर्चेचा ग्रंथालयांशी व महाविद्यालयांशी थेट संबंध येतो तो जतनाच्या मुद्द्यावर. छापील पुस्तक शंभर वर्षे टिकू शकते. खेळाची तबकडी, ती वाचणारे यंत्र आणि यंत्रातील कुलूप ही तिन्ही साबूत असतील तरच खेळ उघडतो. अमेरिकेतील व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, २०१० पूर्वी तेथे प्रकाशित झालेल्या अभिजात खेळांपैकी ८७ टक्के खेळ बाजारात उपलब्ध नाहीत. त्याच वर्षी मार्चमध्ये निन्टेंडोने आपल्या वी यू व ३डीएस या यंत्रांचे ऑनलाइन विक्री केंद्र बंद केले. अमेरिकेत दर तीन वर्षांनी कुलूपबंदीला अपवाद ठरविले जातात. २०१५ मध्ये जतनासाठी मर्यादित सूट मिळाली आणि २०२१ मध्ये कन्सोलचा तबकडी वाचणारा भाग बदलण्यासाठी कुलूप उघडण्यास परवानगी मिळाली. बाजारातून गेलेले खेळ अभ्यासकांना दूरस्थपणे वापरू देण्याची ग्रंथालयांची मागणी मात्र २०२४ मध्ये फेटाळली गेली.

भारतीय कायद्यात कलम ५२ खाली अव्यावसायिक सार्वजनिक ग्रंथालयास जतनासाठी इलेक्ट्रॉनिक प्रत साठविता येते. परंतु त्यासाठी ग्रंथालयाकडे त्या कृतीची डिजिटल नसलेली प्रत असावी लागते. पुस्तकाच्या बाबतीत ही अट सहज पूर्ण होते. व्हिडिओ गेम मात्र मुळातच डिजिटल असल्याने या तरतुदीच्या कक्षेबाहेर राहतो. जी कृती सर्वांत लवकर नष्ट होण्याचा धोका आहे, तिलाच जतनाची सवलत नाही, असा हा विरोधाभास आहे. महाविद्यालयीन ग्रंथालयांतून पुस्तकांसोबत आलेल्या आणि आता वाचता न येणाऱ्या सीडी पाहिल्या की, हा प्रश्न केवळ खेळांपुरता नाही याची जाणीव होते.

निष्कर्ष :

१) कन्सोलमधील कुलूप आरंभापासूनच दोन कामे करीत आले आहे : नकला रोखणे आणि बाजारपेठेवर व ग्राहकावर नियंत्रण ठेवणे. यांपैकी पहिले कामच कॉपीराइट कायद्याच्या संरक्षणास पात्र आहे.
२) हॅकिंग व पायरसी यांना एकच मानल्यास दुरुस्ती, संशोधन व जतन ही वैध कामेही संशयाच्या छायेत येतात.
३) ऑस्ट्रेलियाची २००६ ची दुरुस्ती व युरोपातील २०१४ चा निर्णय यांतून कुलपाच्या प्रयोजनाची फोड करण्याचा व्यवहार्य मार्ग दिसतो.
४) भारताचे कलम ६५अ हेतूला महत्त्व देते, ही त्याची जमेची बाजू होय. नोंद ठेवण्याची अट आणि अटकेची भीती यांमुळे या उदारतेचा लाभ मर्यादित होतो.
५) ग्रंथालयांना दिलेल्या जतनाच्या सवलतीत मुळात डिजिटल असलेल्या कृतींचा समावेश होणे गरजेचे आहे.

समारोप :

आज कुलूप केवळ कन्सोलमध्ये राहिलेले नाही. मोबाइल, मोटारी, छपाईयंत्रे आणि इलेक्ट्रॉनिक पुस्तके यांतही ते आलेले आहे. विकत घेतलेल्या वस्तूवर विक्रेत्याचा हात विक्रीनंतरही किती काळ राहावा, हा प्रश्न व्हिडिओ गेमने इतरांच्या आधी उपस्थित केला एवढेच. निर्मात्याच्या श्रमाचे मोल राखणे आणि ग्राहकाच्या मालकीला अर्थ उरू देणे, ही दोन्ही कर्तव्ये कायद्याला एकाच वेळी पार पाडावी लागतात. त्यासाठी ‘कुलूप कोणी उघडले?’ या प्रश्नाआधी ‘हे कुलूप कशासाठी लावले होते?’ हा प्रश्न विचारला गेला पाहिजे.